योसेमिटीत एका दिवसाची वाट कशी निवडावी: आधी महिना, मग गुडघे

"धबधबा कुठाय गं?" बाबांनी मान मागे टाकून विचारलं.

कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी राष्ट्रीय उद्यानात, लोअर योसेमिटी फॉलच्या पुलावर आम्ही उभे होतो. ऑगस्टचा शेवटचा आठवडा. समोर उंच कडा, कड्यावर काळसर डागाची एक उभी रेघ आणि पायथ्याशी कोरडेठाक धोंडे. पाण्याचा थेंब नाही. पुण्याहून निघण्याआधी बाबांनी या धबधब्याचा फोटो फोनमध्ये जपून ठेवला होता. तीन टप्प्यांत मिळून ७३९ मीटर उंचीवरून कोसळणारं पाणी. त्यासाठी आम्ही पाच तास गाडी चालवून आलो होतो. चूक सगळी माझी. मी तारीख ठरवली ती ऑफिसची सुट्टी बघून, पाणी बघून नव्हे.

त्यानंतर कॅलिफोर्नियात राहून योसेमिटीच्या बऱ्याच वाऱ्या झाल्या. कधी आई-बाबांबरोबर, कधी मैत्रिणीच्या सासू-सासऱ्यांना घेऊन, कधी चार वर्षांच्या पोराला खांद्यावर बसवून, तर कधी दर रविवारी सह्याद्रीत भटकलेल्या जुन्या ट्रेकर मंडळींसोबत. आता निवडीचा क्रम पक्का बसलाय: आधी महिना, मग गुडघे आणि सगळ्यात शेवटी वाट. बहुतेक जण 'पाहायलाच हव्यात अशा दहा जागा' छापाच्या यादीतून आधी वाट उचलतात, तिथेच दिवसाचा विचका होतो.

महिना

आपल्या डोक्यात सह्याद्रीचं वेळापत्रक असतं. जूनमध्ये पाऊस लागला की कडे वाहू लागतात आणि दिवाळीपर्यंत आटतात. योसेमिटीचं गणित वेगळं आहे. इथला उन्हाळा कोरडा. धबधब्यांना पाणी मिळतं ते हिवाळ्यात साठलेल्या बर्फाचं. योसेमिटी फॉलला पाणी पुरवणाऱ्या ओढ्याचं खोरं जवळजवळ उघड्या ग्रॅनाइटचं आहे. पाणी धरून ठेवायला वर माती फारशी नाही, त्यामुळे बर्फ वितळला की पाणी थेट कड्यावरून खाली आणि बर्फ संपला की ओढाही संपला. एप्रिलमध्ये जोर धरायला सुरुवात, मे-जूनमध्ये भर, जुलैत उतरती कळा, ऑगस्टमध्ये बहुधा कोरडा कडा. व्हर्नल, नेवाडा आणि ब्रायडलव्हेल हे तीन मात्र वर्षभर थोडेफार वाहतात. उन्हाळ्याच्या शेवटी जाणं भागच असेल तर त्यांच्याकडे वळा. मिरर लेकचंही तेच. मे महिन्यात त्यात हाफ डोम या ग्रॅनाइटच्या घुमटाच्या बाजूच्या कड्यांचं प्रतिबिंब पडतं. सप्टेंबरात तिथे वाळू आणि गवत असतं, 'लेक कुठाय' हे विचारायची पाळी येते.

महिन्याचा दुसरा अर्थ म्हणजे रस्ते. दरीच्या काठावर उंचावर असलेल्या ग्लेशियर पॉइंटकडे जाणारा रस्ता आणि पूर्वेकडचा टायोगा रोड हिवाळाभर बर्फाखाली असतात. साधारणपणे मे अखेर ते जूनमध्ये उघडतात आणि नोव्हेंबरात पुन्हा बंद होतात. 'साधारणपणे' हा शब्द इथे मनावर घ्या. २०२३ साली इतका बर्फ पडला की टायोगा रोड उघडायला २२ जुलै उजाडला. म्हणून तिकिटं काढताना ठोकताळा चालेल, पण निघायच्या आदल्या रात्री उद्यानाच्या अधिकृत संकेतस्थळावर रस्त्यांची स्थिती बघाच. गर्दीच्या महिन्यांत काही वर्षी आत शिरायला आगाऊ आरक्षण लागलं आहे, तेही तिथेच कळतं.

थोडक्यात माझा हिशेब असा. मे ते जूनचा मध्य: दरीतल्या (म्हणजे योसेमिटी व्हॅलीतल्या) धबधब्यांच्या वाटा. जून अखेर ते सप्टेंबर: ग्लेशियर पॉइंट आणि टुआलमीचा उंच माळ. ऑक्टोबर: गर्दी कमी, हवा सुखाची, पाणी कमी, पण दरीत पिवळी पानं. हिवाळ्यात दरीतल्या सपाट वाटाच धराव्या, कारण व्हर्नलकडे चढणाऱ्या मिस्ट ट्रेलच्या पायऱ्यांचा भाग तेव्हा बर्फामुळे बंद ठेवतात. आई-बाबांना भारतातून बोलवायला एकच आठवडा निवडायचा असेल तर मी मे महिन्याचा शेवट निवडेन, फक्त तिथला लाँग वीकेंड टाळून.

गुडघे

फलकांवर अंतर ठळक असतं आणि चढ बारीक अक्षरात. वाचायचं उलट. अंतराने फारसं कोणी दमत नाही, दमवतो तो चढ आणि रडवतो तो उतार.

मी एकच आकडा काढते: एका किलोमीटरला किती मीटर चढ. फलकांवर मैल आणि फूट असतात. १ मैल म्हणजे १.६ किलोमीटर, १,००० फूट म्हणजे सुमारे ३०० मीटर. बरेचदा अंतर जाऊन-येऊन दिलेलं असतं, ते आधी निम्मं करा, कारण चढ जातानाच्या वाटेवर असतो. किलोमीटरला ५० मीटरच्या आत असेल तर रोज संध्याकाळी फिरायला जाणारे आजी-आजोबा आरामात जातात. १०० च्या आसपास दम लागतो, थांबत थांबत जमतं. १५० ला ती वाट उरत नाही, जिना होतो. मिस्ट ट्रेल व्हर्नलच्या माथ्यापर्यंत दीडशेच्या घरात आहे. कोलंबिया रॉकची वाट जाऊन-येऊन जेमतेम सव्वातीन किलोमीटर, पण चढ ३०० मीटर, म्हणजे किलोमीटरला जवळजवळ १९०. 'दोनच मैल तर आहे' म्हणून माणसं तिथेच फसतात.

वेळेसाठी विल्यम नायस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाचा १८९२ चा नियम अजून कामाला येतो: दर ५ किलोमीटरला एक तास आणि दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. हा न थांबणाऱ्या धट्ट्याकट्ट्या माणसाचा वेग झाला. कुटुंब बरोबर असेल तर उत्तर दुप्पट करा. नेवाडा फॉल जाऊन-येऊन ८.७ किलोमीटर, चढ ६१० मीटर. हिशेब येतो पावणेतीन तासांचा, दुप्पट केला की साडेपाच. उद्यानाचा स्वतःचा अंदाजही पाच ते सहा तासांचाच आहे.

आणि गट चालतो तो सगळ्यात हळू चालणाऱ्या माणसाच्या वेगाने. हे घरी, जेवणाच्या टेबलावर, मोकळेपणाने बोलून घ्या. आपली मोठी माणसं "मला काही होत नाही, तुम्ही चला" म्हणतात आणि मग दोन दिवस जिना उतरताना कठड्याला धरून असतात. बाबांना मी "जमेल का?" असं विचारत नाही. "सिंहगड शेवटचा कधी चढलात आणि उतरताना गुडघा कुठे धरला?" असं विचारते. त्या उत्तरातून सगळं कळतं.

वाटा

*ज्यांना चढ नकोच.* लोअर योसेमिटी फॉलचा दीड किलोमीटरचा फेरा आणि त्याच्याजवळचा कुक्स मेडोचा तेवढाच फेरा. दोन्ही मिळून एक सकाळ. कुक्स मेडोच्या कुरणातल्या फळ्यांच्या वाटेवरून एका बाजूला पूर्ण योसेमिटी फॉल, दुसऱ्या बाजूला हाफ डोम दिसतो. दरीतलं इतकं सगळं इतक्या कमी कष्टात दुसरीकडे कुठे दिसत नाही, तरी लोक गाडीतून फोटो काढून पुढे जातात. मिरर लेक जाऊन-येऊन सव्वातीन किलोमीटर, चढ नाममात्र, मे-जूनमध्येच. एप्रिल ते जूनमधल्या पौर्णिमेला दरीत मुक्काम असेल तर आभाळ निरभ्र असताना लोअर फॉलच्या पुलावर रात्री जा. तुषारांत चांदण्याचं इंद्रधनुष्य उमटतं. डोळ्यांना ते फिकट पांढरं दिसतं, रंग कॅमेऱ्यात जास्त उतरतात.

*मिस्ट ट्रेल.* एकच वाट करायची असेल आणि पाय धडधाकट असतील, तर ही. हिची गंमत अशी की ती तीन वाटांसारखी वापरता येते, म्हणून मिश्र वयाच्या गटाला हिच्यासारखी सोय दुसरी नाही.

पहिला टप्पा हॅपी आइल्सपासून व्हर्नलसमोरच्या लाकडी पुलापर्यंत: जाऊन-येऊन २.६ किलोमीटर, १२० मीटर चढ. वाट डांबरी आहे, पण 'डांबरी' या शब्दाला भुलू नका, चढ सलग आहे. पुलावरून व्हर्नल समोर दिसतो. तिथे स्वच्छतागृह आहे आणि उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्याचा नळही. आई-बाबा इथे थांबले, बाकावर बसून दशम्या खाल्ल्या, मर्सेड नदीचा गडगडाट ऐकत बसले आणि आम्ही वर जाऊन आलो. कोणालाच आपण मागे राहिलो असं वाटलं नाही.

पुलानंतर थोड्याच अंतरावर फाटा लागतो. उजवीकडे जॉन म्यूर ट्रेल, सरळ मिस्ट ट्रेल. इथून सहाशेच्या वर दगडी पायऱ्या. राजगडाच्या चोरदरवाज्याच्या वाटेवर पावसात हात-पाय एकदम सावध होतात ना, तशी सावधपणाची जात. पायऱ्या ग्रॅनाइटच्या, कमी-जास्त उंचीच्या, काही थेट गुडघ्याएवढ्या. मे-जूनमध्ये व्हर्नलचे तुषार आडवे येतात आणि दोन मिनिटांत माणूस निथळतो. पाणी नुकत्याच वितळलेल्या बर्फाचं, त्यामुळे ऊन असूनही दात वाजतात. एका वळणावर ऊन पाठीवर आलं आणि तुषारांत इंद्रधनुष्याचं अख्खं कडं दिसलं, अगदी आमच्या पायांपर्यंत आलेलं. माझ्या पुढची छोटी मुलगी त्यात पाय ठेवायला धडपडत होती.

फोन प्लास्टिकच्या पिशवीत, अंगावर रेनकोट, पायात खोल नक्षीच्या तळव्याचे बूट. सपाट तळव्याचे पांढरे स्नीकर्स इथे बर्फावर घसरावेत तसे घसरतात. समोरून येणाऱ्यांना वाट देताना घाईने बाहेरच्या बाजूला सरकू नका, थांबून आतल्या बाजूला उभे राहा.

माथ्यावर (जाऊन-येऊन ३.९ किलोमीटर, ३०० मीटर) रुंद कातळ आणि लोखंडी कठडा. थोडं वर एमराल्ड पूल नावाचा हिरवागार डोह. दिसतो शांत, पायाखाली मात्र गुळगुळीत कातळ आणि पुढे ९७ मीटरचा कडा. जुलै २०११ मध्ये कठड्यापलीकडे गेलेल्या तिघांना इथूनच पाण्याने ओढून नेलं. पाय बुडवायचा मोह होईल. मुलांचा हात सोडू नका आणि स्वतःही कठड्याच्या आतच राहा.

परत त्याच ओल्या पायऱ्यांनी उतरू नका. माझ्या मते या अख्ख्या वाटेवरचा सगळ्यात मोलाचा सल्ला हा. आधी थोडं चढून क्लार्क पॉइंटला जा आणि तिथून जॉन म्यूर ट्रेलने उतरा. अंतर वाढतं, पण वाट कोरडी, वळणावळणाची, गुडघ्यांना सुसह्य, आणि मागे वळून पाहिलं की नेवाडा फॉल, त्याच्या शेजारी लिबर्टी कॅपचा घुमट. दम असेल तर व्हर्नलवरून आणखी चढून नेवाडाच्या माथ्यावर जावं आणि तिथून जॉन म्यूर ट्रेलने परतावं. एका दिवसाला एवढं पुरे.

*अपर योसेमिटी फॉल.* ११.६ किलोमीटर, ८२३ मीटर चढ, सहा ते आठ तास. बारीहून कळसूबाई चढणाऱ्यांना ही जात ओळखीची वाटेल, फक्त शिड्या नाहीत आणि ऊन जास्त. पहाटे निघा. अर्ध्यावरून परतायचं ठरलं तरी कोलंबिया रॉकवरून दरीचा देखावा मिळतोच, म्हणून माथ्यापर्यंत जमेल याची खात्री नसलेल्या गटांनाही मी ही वाट सुचवते.

*ग्लेशियर पॉइंटच्या बाजूची जोडी.* सेंटिनेल डोम आणि टाफ्ट पॉइंट. एकाच पार्किंगहून दोन वाटा, प्रत्येकी जाऊन-येऊन साडेतीन किलोमीटर. सेंटिनेल डोमचा चढ १२० मीटर, शेवटी उघड्या कातळावरून घुमटाच्या माथ्यावर. उंची २,४७६ मीटर आणि चहूबाजूंनी नजर मोकळी. कष्टाच्या मानाने मिळकत पाहिली तर योसेमिटीत ही वाट पहिली येते. टाफ्ट पॉइंटकडे कातळाला खोल उभ्या भेगा आहेत आणि कड्याला एका छोट्या जागीच कठडा आहे. लहान मुलं असतील तर तिकडे जाऊ नका, डोमवरच वेळ घालवा.

ग्लेशियर पॉइंटहून चालत दरीत उतरणारी फोर माईल ट्रेल नावाने चार मैलांची, प्रत्यक्षात ४.८ मैलांची, आणि उतार जवळजवळ हजार मीटरचा. पॅनोरमा ट्रेल १३.७ किलोमीटर. दोन्ही सुंदर, पण गुडघ्यांची खात्री असलेल्यांनाच.

*मारिपोसा ग्रोव्ह.* पाचशेच्या वर पूर्ण वाढलेले सिकोया वृक्ष. ग्रिझली जायंटपर्यंतचा फेरा सव्वातीन किलोमीटरचा. हा वृक्ष सुमारे तीन हजार वर्षांचा मानतात. दक्षिण दाराजवळ असल्यामुळे दरीतून इथे यायलाच सव्वा तास लागतो. तोच दिवस दरीतही घालवायचा हट्ट धरू नका.

*टुआलमी मेडोज.* टायोगा रोडवरचा २,६०० मीटर उंचीचा माळ, म्हणजे कळसूबाईच्या माथ्यापेक्षा साडेनऊशे मीटर वर. दरीतली गर्दी नकोशी झाली की मी इथे येते. सोडा स्प्रिंग्जची सपाट वाट मोठ्यांसाठी: कुरणातून जाते, नदी ओलांडते आणि जमिनीतून बुडबुडे येणारं खनिज पाणी दाखवते. चालणाऱ्यांना लेंबर्ट डोम, दिवसभर असेल तर कॅथेड्रल लेक्स, जाऊन-येऊन सुमारे ११ किलोमीटर. इथे हवा विरळ आहे. पहिल्या तासात धाप लागणं स्वाभाविक, डोकं दुखायला लागलं किंवा मळमळलं तर खाली उतरा. रक्तदाबाच्या किंवा हृदयाच्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी डॉक्टरांना आधी विचारून यावं. उन्हाळ्यात दुपारी ढग जमून विजा पडतात, तेव्हा कोणत्याही घुमटावरून बाराच्या सुमारास खाली.

हाफ डोमच्या माथ्यावर तारांना धरून चढायच्या वाटेला सोडतीतून परवानगी लागते. तिची तयारी महिनोन्‌महिन्यांची आणि तो वेगळा विषय. वर सांगितलेल्या कोणत्याही वाटेला दिवसभराच्या चालण्यासाठी परवाना लागत नाही.

ठरलेला दिवस

एका दिवसाला एकच मोठी वाट. पाच ठिकाणं 'करायची' ठरवलीत तर दिवस पार्किंग शोधण्यात जातो. उन्हाळ्यात दरीतलं पार्किंग आठ-नऊपर्यंत भरतं, म्हणून सातला आत असावं. गाडी एकदा लावली की हलवू नका, दरीत मोफत बस फिरते. हेही लक्षात घ्या की करी व्हिलेजच्या पार्किंगपासून मिस्ट ट्रेलच्या सुरुवातीपर्यंतच एक किलोमीटरहून जास्त चालावं लागतं. ते अंतर फलकावरच्या आकड्यात धरलेलं नसतं.

निघताना परतीची वेळ ठरवा आणि मोठ्याने बोला: "एक वाजला की जिथे असू तिथून मागे." माथा दहा मिनिटांवर असला तरी. आम्ही हे आधी ठरवलं नव्हतं तेव्हा मैत्रिणीच्या सासऱ्यांनी आम्हाला वाईट वाटू नये म्हणून चालत राहायचं ठरवलं आणि शेवटचा तासभर उतार अंधारात, फोनच्या उजेडात उतरावा लागला. आता प्रत्येकाच्या पाठपिशवीत डोक्याला लावायची बॅटरी असते.

पाणी दर माणशी दोन लिटर, नेवाडा किंवा अपर फॉलसाठी तीन. नदीचं पाणी कितीही नितळ दिसलं तरी गाळल्याशिवाय किंवा उकळल्याशिवाय पिऊ नका. खाण्यात दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी, किंवा मेथीचे ठेपले. दोन दिवस टिकतात, कुस्करत नाहीत, हात धुवायला पाणी लागत नाही. सोबत थोडं मीठ-साखर. उन्हात घाम लगेच वाळतो, त्यामुळे अंगातलं पाणी किती गेलं ते कळतच नाही. वाटेवर खारी अगदी मांडीपर्यंत येतात, मुलांना कितीही गोड वाटल्या तरी खाऊ घालू नका. एकदा चटक लागली की त्या चावतात.

अस्वलांची गोष्ट आपल्या घरांत हसण्यावारी नेतात, तसं करू नका. इथली काळी अस्वलं वासावर येतात आणि गाडीचं दार वाकवतात. दिवसा खाणं बंद काचांच्या गाडीत, नजरेआड ठेवलं तर चालतं, रात्री मुळीच नाही. मुक्काम असेल तर सगळं तिथल्या लोखंडी पेटीत. 'सगळं' म्हणजे नुसतं जेवण नव्हे. लोणच्याची बरणी, लाडवांचा डबा, खोबरेल तेल, टूथपेस्ट, बाबांची सुपारीची डबी आणि आईने सवयीने आणलेली उदबत्तीसुद्धा.

बहुतेक वाटांवर फोनला रेंज नसते. नकाशा आधीच उतरवून घ्या आणि गट फुटला तर कुठे, किती वाजता भेटायचं ते ठरवून ठेवा. मोठ्या माणसांच्या खिशात ती जागा आणि गाडीचा नंबर कागदावर लिहून द्या.

संध्याकाळी पाय उरले असतील तर सेंटिनेल ब्रिजवर थांबा. गाडीपासून दोन मिनिटं. सूर्य बुडताना हाफ डोमचा कडा आधी पिवळा, मग केशरी, मग पाच मिनिटं गुलाबी होतो आणि खाली मर्सेडच्या पाण्यातही तेच रंग. परतीचा रस्ता अंधाराचा आणि वळणांचा आहे, हरणं आडवी येतात, हळू चालवा. आणि दरीत पेट्रोलपंप नाही, टाकी बाहेरूनच भरून आत या.